आठ नंबरच्या सुया

तांडापेठ, नागपूर
८ नोव्हेंबर १९७२

सौ. रुख्मा हिस,

हे पत्र सत्यवती वाचून दाखवील, म्हणून आधी तिला आशीर्वाद. सत्यवती, सावकाश वाच. तुझे वडील ऐकायला बसले असतील तर बसू देत, त्यांच्यापासून लपवावं असं माझ्याकडे काही नाही. मध्ये मध्ये बोलू नये, एवढं मात्र सांग.

रुख्मा, गल्लीतला चंद्रभान उमरेडला येत होता, त्याच्या हाती एक पुडकं दिलं आहे. त्यात लोकरीचे दोन गुंडे आणि विणायच्या सुयांची एक जोडी आहे. पुडकं बाजूला सारण्याआधी ऐकून घे. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते की अर्धांगाचा झटका ओसरला, पाय सुधारेल, पण उजव्या हाताच्या बोटांना रोज काम द्या, नाहीतर ती आखडून जातील. रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. मारोतरावांनी बहिणीला चेंडू आणून दिला असेलच. पण चेंडू दाबून काय दिसतं? सकाळी होता तेवढाच तो संध्याकाळी असतो. काम केलं तर वीतभर काही वाढलेलं दिसायला हवं. म्हणून लोकर.

मी आधी स्वतः शिकलो. कोणी शिकवलं नाही. रद्दीत एक हिंदी मासिक मिळालं, त्यात चित्रं होती, त्यावरून बसवलं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचायला जसं शिकून घेतलं, तसंच हेही.

आता सुयांबद्दल. इतवारीतल्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणतो, "भाऊ, घर में से बाई को भेजो, ये अपना काम नहीं." मी म्हटलं, "तू माल दाखव." त्याने आठ नंबरच्या सुया काढल्या. बोरूसारख्या जाड! म्हणे, नवीन शिकणाऱ्याला हीच देतात. मी त्याला सांगितलं, ऐंशीच्या खालचं सूत मी मागावर चढवत नाही. सुताचा नंबर जितका मोठा तितकं ते बारीक आणि तितकं लुगडं उंची, हे मला कोणी शिकवायला नको. सुयांचंही तसंच असतं. दुकानात सगळ्यात मोठा नंबर चौदा होता. पोलादी, चकचकीत. त्याच घेतल्या, एक जोडी तुझ्यासाठी, एक माझ्यासाठी. आठ नंबर तुझ्या हातात देणं म्हणजे तुझ्या हाताचा अपमान.

वीस टाके घाल आणि सरळ पट्टी विणत जा. पहिल्यांदा स्वेटर वगैरे नको. पट्टी लांबली की तिचाच मफलर होतो. लोकर मुद्दाम मोतिया रंगाची घेतली आहे, काळ्या लोकरीत टाका सुटलेला दिसत नाही.

सत्यवतीच्या पत्रातलं एक वाक्य माझ्यासमोर आहे. आत्या म्हणते, "त्याईले मी नाई पाहिजे, माह्या हात पाहिजे, कांड्या भराले." चरख्यावर सुताच्या कांड्या तू भरल्यास आणि त्या धोट्यात घालून लुगडी मी विणली, लग्न झाल्यापासून आपल्या घरात हेच चाललं. ते काय मी नाकारतो? पण या वाक्याचं उत्तर सगळ्यांसमोर वाचल्या जाणाऱ्या पत्रात मी देणार नाही.

संक्रांतीपर्यंत हात सुधारेल, असा माझा अंदाज आहे. संक्रांतीला तू घरी असावंस.

देवराव


तांडापेठ, नागपूर
२ डिसेंबर १९७२

सौ. रुख्मा हिस,

तू सुया अंगणात फेकल्यास, असं सत्यवती लिहिते. एक तुळशीजवळ सापडली आणि दुसरी मारोतरावांच्या पायाखाली आली. त्यांना फार लागलं नसावं.

रागावलो नाही. मी कारण शोधलं.

त्याच सुयांवर मी माझी पट्टी विणली होती. बारीक सुया, त्यात मागावरची सवय, दोरा ढिला सोडणं माझ्या हाताला माहीतच नाही. कापडात फट दिसली तर माझा जीव वर येतो. पट्टी दीड वीत झाली तेव्हा शेजारच्या सिंधूताई आल्या. त्यांनी ती हातात घेतली, उभी धरली. ती उभीच राहिली. म्हणाल्या, "अवं माय! देवरावभाऊ, हे मफलर हाय का दाराची फळी? गळ्यात घालसाल तर मान कापून जाईन!"

मी म्हटलं, "घट्ट वीण चांगली."

"लुगड्याले चांगली. लोकरीले हवा लागते भाऊ, तिले मोकळं ठेवा लागते. मी तुमाले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं का नाई, आठ नंबर आणा म्हणून?"

सत्यवती, इथे आत्या हसेल. हसू दे. हो, टाके कसे घालायचे ते सिंधूताईंनी दाखवलं. मासिकातल्या चित्रात बोटांच्या मागे काय चाललं आहे ते दिसत नव्हतं. पुढचं सगळं मी स्वतः बसवलं आहे.

मग मी उजव्या हाताची तीन बोटं चिंधीने बांधली आणि चौदा नंबरवर विणायला बसलो, तुला काय होत असेल ते कळावं म्हणून. सुई निसटते. पोलाद गुळगुळीत, टाका पुढे सरकवायला जावं तर चार टाके घसरून खाली. बोटाला सुई लागतच नाही, धरली आहे की पडली तेही कळत नाही. मीही फेकली असती. सिंधूताईंच्या नातीने मला तसं पाहिलं आणि गल्लीभर सांगितलं की देवरावबाबांची बोटं कापली. दोन जण चौकशी करून गेले.

म्हणून आता नीट ऐक. सुतात मोठा नंबर उंची. सुयांमध्ये तसं नाही, लोकरीला शोभेल तो नंबर चांगला. जाड लोकर, नवा हात, अधू हात, तर आठ. प्लास्टिकच्या पाहिल्या, त्या वाकतात. म्हणून बुरुडाकडून जुन्या बांबूच्या दोन काड्या तासून आणल्या. दुकानातल्या आठ नंबरला लावून जाडी पारखली, काचेच्या तुकड्याने घासल्या, जवसाचं तेल पाजलं. टोक फार अणकुचीदार ठेवलेलं नाही, दोरा चिरतो. बांबू लोकरीला किंचित धरून ठेवतो, टाका आपोआप घसरत नाही. आणि पोलादासारखा गार लागत नाही. गार वस्तू हातात धरली की तुझी बोटं दुखतात, हे मला दवाखान्यातच दिसलं होतं.

दवाखान्याचं निघालं म्हणून लिहितो. डॉक्टरांना मी पहिल्यांदा विचारलं, "कांड्या भरता येतील का?" ते तू ऐकलंस आणि भिंतीकडे तोंड केलंस. त्याच दिवशी मारोतराव तुला परस्पर उमरेडला घेऊन गेले, मला विचारलंही नाही. रुख्मा, डॉक्टर म्हणत होते, हात "बराच" सुधारेल. बराच म्हणजे किती? पातेलं उचलेल एवढा? वेणी घालेल एवढा? तुझ्या हातून जे सगळ्यात नाजूक काम मी पाहिलं आहे, ते मी विचारलं. ते जमेल म्हणाले असते तर बाकी सगळं जमणारच होतं. पूर्ण सुधारणा मोजायचं मला दुसरं माप माहीत नव्हतं.

सुया पुन्हा चंद्रभानच्या हाती पाठवतो. अंगणात फेकायच्या तर मारोतराव बाहेर गेल्यावर फेक.

देवराव


तांडापेठ, नागपूर
२४ डिसेंबर १९७२

सौ. रुख्मा हिस,

बांबूच्या सुया तू ठेवून घेतल्यास, हे कळलं. विणतेस की नाही ते सत्यवतीने लिहिलं नाही. मी विचारत नाही.

थंडी आहे. इथे दुसरं काही नवं नाही. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलं की गुडघ्यातून गारवा वर चढतो. स्वयंपाक एकदाच करतो, तोच दोन्ही वेळा. घरात आपण दोघंच असायचो, आता मी एकटा. एकट्याला भाजी किती घ्यायची याचा अंदाज अजून येत नाही, उरते. सिंधूताई म्हणतात, "भाऊ, दुबळे झाले तुम्ही." मी म्हणतो, आरसा माझ्याकडेही आहे.

एक महत्त्वाची गोष्ट. तू दवाखान्यात गेलीस तेव्हा मागावर लुगडं अर्धं होतं, आठवतं? रामा हिरव्या रंगाचं, लाल काठाचं. ते तसंच अडून पडलं होतं. कांड्या मी स्वतः भरून पाहिल्या. चरख्यापाशी बसायचं, चार कांड्या भरायच्या, उठून मागावर यायचं, त्या संपल्या की पुन्हा चरखा. असं लुगडं होत नाही, माणूस होतो अर्धा. शेवटी गोळीबार चौकातल्या बायजाबाईला ठरवलं. ती सकाळी येते आणि दुपारपर्यंत दिवसाच्या कांड्या भरून जाते. सुरुवातीला ढिल्या भरायची, धोट्यातून गुंता निघायचा. दोन-तीनदा परत भरायला लावल्या, आता हात बसला आहे. लुगडं परवा उतरलं.

हे मुद्दाम कळवतो. तुझ्या मनात जी शंका होती ती आता राहू नये. कांड्यांचा प्रश्न मिटला आहे. तुझ्या हाताची मागाला आता गरज नाही. हात सुधारला तरी ठीक, नाही सुधारला तरी माग चालतो. तेव्हा मनात काही न ठेवता घरी ये.

मारोतराव आणून सोडणार असतील तर दिवस कळवावा. मी तिकडे न्यायला येणार नाही, हे तुला माहीत आहे. बोलावणं आल्याशिवाय जावई सासुरवाडीला जात नाही, आणि बोलावणं तर दूरच, बायको नेताना मला सांगितलंही नव्हतं.

वाट पाहतो.

देवराव


तांडापेठ, नागपूर
११ जानेवारी १९७३

सौ. रुख्मा हिस,

सत्यवतीचं पत्र परवा आलं. तिने लिहिलं आहे की माझं पत्र ऐकून आत्या म्हणाली, "मंग आता काहून येऊ?"

पत्राच्या कडेला मारोतरावांचंही अक्षर होतं. "भाऊजी, तुमाले लुगडं येते, बोलता नाई येत. लोकर धाडून राहिले, सुया धाडून राहिले. माणसाले एसटी मिळत नाई का?"

मारोतराव, नमस्कार. तुमचं अक्षर सुधारलं आहे.

रुख्मा, मी हे पत्र चारदा सुरू केलं. हात पाहिजे म्हणून बोलावतो असं तू म्हणालीस, ते टोचलं. म्हणून हात नको अशी व्यवस्था केली आणि तसं कळवलं, तर तेही टोचलं. मग मी काय लिहायला हवं होतं? मला खरंच कळत नाही. थकलो. मागावर एखादी चूक झाली तर धागा दिसतो, तो काढता येतो. इथे कुठून उसवायचं तेच दिसत नाही. आणि समोर कोण बसलं आहे? सत्यवती वाचते आहे, तिचे वडील मिशीत हसत आहेत, शेजारच्या कोणी आल्या असतील तर त्याही थांबल्या असतील. अशा पत्रात माणूस काय लिहील? लोकर, सुया, हवापाणी.

मग सुयांबद्दलच लिहितो.

सत्यवती लिहिते की तू उजवी सुई हातात धरतच नाहीस, काखेत दाबून ठेवतेस. वाचलं आणि म्हटलं, हे चूक. मासिकात असं कुठेच नाही. सिंधूताईंनाही असं करताना पाहिलेलं नाही. तुला हे दाखवलं कोणी? सत्यवतीने लिहिलंय, "कोणी नाही, आत्यानं आपल्याच मनानं काढलं."

मग दार लावून मी पुन्हा बोटं बांधली आणि सुई काखेत दाबली. रुख्मा, सुई हलत नाही. खुंटीला बसवल्यासारखी पक्की राहते. डाव्या हाताने टाका तिच्या टोकावर आणून द्यायचा आणि उजव्याच्या बोटांनी फक्त दोरा पुढे टाकायचा. बोटांना वजन मुळीच नाही, काम मात्र पूर्ण. मी तीन बोटं बांधून वीतभर विणलं, एक टाका पडला नाही. दोन महिने मी सुईची जाडी, धातू, टोक यांचा विचार करत होतो. सुई कुठे धरायची हे सुचलंच नाही. त्यासाठी काखेत रुतणार नाही अशी गोल बुंध्याची आणि जरा लांब सुई लागेल. तशी करून पाठवतो.

तू पाठवलेला तुकडा मिळाला. तिसऱ्या ओळीत एक टाका सुटला आहे. पुढे कड आत गेली आहे, म्हणजे कुठेतरी दोन टाके एकत्र विणले गेले.

हे खोडणार होतो. शाईने लिहिलं आहे, राहू दे. तुकडा मऊ आहे. माझा अजून तसा होत नाही.

संक्रांत तीन दिवसांवर आली. तू येत नाहीस, ते समजलं.

देवराव


तांडापेठ, नागपूर
२९ जानेवारी १९७३

चि. सत्यवतीस,

हे पत्र आत्याला वाचून दाखवू नकोस. वडिलांना दाखव, का ते शेवटी कळेल. आजवर तुझ्या आवाजात मी किती बोललो, आणि तू सगळं जसंच्या तसं वाचलंस, हे मला माहीत आहे. एखादी दुसरी असती तर अडलेल्या जागी चार गोड शब्द आपल्या पदरचे घातले असते. तू घातले नाहीस. बरं केलंस.

आत्याने विचारलं, आता काहून येऊ. त्याचं उत्तर मी शोधत होतो. ते परवा सापडलं, पण ते लिहिण्यासारखं नाही. तुला सांगतो, कारण तू विचारशील.

बायजाबाई चांगली बाई आहे. वेळेवर येते, कांड्या आता घट्ट भरते. परवा मी मागावर बसून बोलत होतो. म्हणजे मला सवय आहे, धोटा चालू असला की मी बोलतो. वर्तमानपत्रात काय आलं, कोणाचं कुठे चुकलं, काठाचा रंग पूर्वी कसा पक्का असायचा. थोड्या वेळाने बायजाबाई चरखा थांबवून म्हणाली, "भाऊ, मले काई म्हटलं का?" मी म्हटलं, "नाही, तू भर." मग माझ्या लक्षात आलं की रुख्मा कधी चरखा थांबवत नसे. ती हूं म्हणायची. कधी ऐकून, कधी न ऐकता. एखादं चुकीचं बोललो तर हूं यायची नाही, आणि मी धोटा थांबवून पुन्हा विचार करायचो. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी माझं माझं शिकलो.

त्या दिवसानंतर मागावर बसून मी बोललो नाही. न बोलता माझ्याकडून विणलं जात नाही.

आता हे मी तिच्या पत्रात लिहिलं तर तू मोठ्याने वाचणार, आणि तुझे वडील म्हणणार, "बायको पाहिजे हूं म्हणाले!" आणि त्यांचं चुकणारही नाही. तिच्या शेजारी बसून ते मी कसं सांगेन, मला माहीत नाही. जमेल की नाही तेही माहीत नाही. पण एवढं कळलं की ते इथून सांगता येत नाही.

मी रविवारी सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीने येतो. लुगड्यांचं काम देणाऱ्या शेठचा माणूस नवा ताणा घेऊन आला होता, त्याला परत पाठवलं. माग झाकून ठेवला आहे. बायजाबाईला सांगितलं आहे की बोलावीन तेव्हा ये.

मारोतराव, आता तुमच्यासाठी. बोलावणं नसताना येतो आहे. आजवर तुमच्या घरी मी जावई म्हणून आलो आणि पाटावर बसलो. या वेळी पाट मांडू नका, गोडधोड करू नका. तुम्ही एसटी लिहिली होतीत, मी गाडीने येतो, एवढा माझा हट्ट राहू द्या. किती दिवस राहणार असं तुम्ही विचाराल. ते तिला विचारा. ती उद्याच जा म्हणाली तर उद्या जाईन. राहा म्हणाली तर ओसरीवर झोपेन. गावात लोक म्हणतील, देवराव म्हातारपणी घरजावई झाला. म्हणू देत. मीही दुसऱ्याबद्दल हेच म्हटलं असतं.

सत्यवती, आता तुझं काम. मी येतो आहे हे आत्याला सांगू नकोस. सांगितलंस तर रविवारी सकाळी ती विणणं बाजूला ठेवील, भिंतीला धरून उठेल आणि त्याच हाताने चहा ठेवायला जाईल. मी तिला ओळखतो. ती बसलेलीच असू दे.

गाडी आली की मी चालत येईन. दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नकोस. कडी वाजली की ती उठेल.

तुझे आतोबा,
देवराव